लोहाराची भट्टी आणि वाया जाणारी आच

उसाचा हंगाम जवळ आला की पाथर्डी-शेवगावकडील तोडणी मजूर कोयते शेवटून घेऊ लागतात आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील लोहारांच्या भट्ट्या धगधगू लागतात. त्या कोयत्याने तोडलेला ऊस ज्या कारखान्यात जातो, तेथे उष्णतेचा हिशेब मोठा काटेकोर असतो. बगॅस जाळून केलेली वाफ प्रथम टर्बाइन फिरविते, तीच नंतर रस आटविते आणि रसातून निघालेली वाफ पुढच्या पात्रातील रस उकळते. एकच आच अशी अनेकदा राबते.

लोहाराच्या भट्टीत ती एकदाही पुरती राबत नाही. किलोभर पोलाद ९०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता लागते. किलोभर लोणारी कोळशात ती २८,००० किलोज्यूलच्या आसपास असते. म्हणजे हिशेबाने तेवढ्या कोळशावर चाळीस किलोंहून अधिक लोखंड तापावयास हवे. प्रत्यक्षात बहुतेक आच धुराबरोबर निघून जाते. कोळशाचे पैसे मात्र पुरते मोजावे लागतात.

उपाय जुनाच आहे. १८२८ साली नीलसनने भट्टीत फुंकावयाची हवा आधी तापविण्याचे पेटंट घेतले आणि स्कॉटलंडमधील क्लाइड कारखान्यात टनभर लोखंडामागील कोळसा सुमारे ८ टनांवरून ५ टनांवर आला. पुढे भट्टीतून सुटणाऱ्या वायूंवरच ही हवा तापू लागली. लहान भट्टीतही पंख्यापासून निघालेली नळी धुराड्यातून फिरवून विस्तवाकडे नेता येईल. पंखा अर्थातच थंड बाजूस हवा. आचेने नळी झिजेल, ती बदलावी लागेल. हा खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

मग लोहार हे का करीत नाही? अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. ऐन हंगामात प्रयोगासाठी भट्टी थांबविणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडविणे होय. कारखान्याच्या प्रयोगाचा धोका हजारो सभासदांत वाटला जातो; लोहाराचा धोका त्याच्या एकट्याच्या चुलीवर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहारांचा समावेश आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तीत तरतूद आहे. परंतु हत्यार एकदा घ्यावयाचे असते, कोळसा रोज.

म्हणून प्रयोगाचा धोका जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांनी उचलावा. साधी आणि सुधारलेली अशा दोन भट्ट्या महिनाभर शेजारी शेजारी चालवाव्यात, कोळसा तोलावा आणि आकडे लोहारांपुढे ठेवावेत. बचत दिसली तर उपदेशाची गरज उरणार नाही. न दिसली तर निदान गरिबाचे कर्ज तरी वाचेल.