खाणीतलं गवत

संपादकांना गोल्फवर लेख हवा होता. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही; पण चेंबर्स बेचं मैदान जुन्या खडीच्या खाणीत आहे आणि ती खाण सरकारी मालकीची, हे कळल्यावर मी होकार देऊन टाकला.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, टकोमा शहराजवळ, प्युजेट साउंडच्या काठावर हिमनद्यांनी वाळूगोट्यांचे जाड थर आणून टाकले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते उपसले जात होते. 1992 मध्ये पिअर्स काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, ही जागा विकत घेतली ती सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या विस्तारासाठी. गोल्फ तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. खोदकाम आणखी दहाएक वर्षं चालू राहिलं, आणि मग त्या खड्ड्याचं करायचं काय, हा प्रश्न आला. काउंटीचे प्रमुख जॉन लेडनबर्ग यांनी सार्वजनिक गोल्फ मैदानाचा आग्रह धरला. सरकारी पैशाने गोल्फ कशाला, असं विचारणारेही होतेच.

मला भुरळ पडली ती वाळूची. इतरत्र असं वाळूवरचं मैदान करायचं तर बऱ्याचदा वाळू ट्रकने आणावी लागते. इथे ती पायाखालीच होती. मैदानाचे रचनाकार रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर यांच्या चमूने सुमारे 14 लाख घनयार्ड माल हलवला, चाळला आणि त्याच्या टेकड्या रचल्या. अडीचशे एकरांत झाड म्हणाल तर एकच, एक फर. त्यावरही 2008 मध्ये कुणीतरी रात्री कुऱ्हाड चालवली, ते वाचलं. अठराव्या होलजवळ खडी साठवायच्या काँक्रीटच्या उंच भिंती तशाच ठेवल्या आहेत, हे मला फार आवडलं. खाण होती हे कुणी लपवलेलं नाही.

मैदान जून 2007 मध्ये उघडलं आणि आठच महिन्यांत त्याला 2015 ची यूएस ओपन स्पर्धा मिळाली. तेवढ्यात मंदी आली, मैदान तोट्यात गेलं. पण खरा छळ मांडला तो गवताने.

सगळीकडे फेस्क्यू लावलं होतं. वाळूत, कमी पाण्यात, कमी खतात तग धरणारं, जमीन टणक ठेवणारं हे बारीक पात्याचं गवत. मात्र ते सावकाश वाढतं, आणि तुडवलं गेलं की मागे पडतं. मोकळ्या जागेत पोआ शिरतं. हे आगंतुक गवत आखूड कापलं तरी तुरे काढतं आणि फेस्क्यूहून वेगळ्या गतीने वाढतं. सकाळी सपाट दिसणारी ग्रीन, म्हणजे होलभोवतीची आखूड गवताची जागा, संध्याकाळपर्यंत खडबडीत होते. 2015 मध्ये जगाने हेच टीव्हीवर पाहिलं. एका खेळाडूने तर आपण ब्रोकोलीवर खेळतोय असं म्हटलं. शेवटच्या होलवर डस्टिन जॉन्सनला सुमारे बारा फुटांवरून जिंकायची संधी होती. त्याला तिथून चेंडू होलमध्ये घालायला तीन टोले लागले आणि जॉर्डन स्पीथ जिंकला. दोष गवताचा की मनगटाचा, याचा निकाल मी देणार नाही.

वाळूचे उतारही काही ऐकेनात. आठव्या होलच्या कडेने उतार इतके तीव्र आणि निसरडे की स्पर्धेत तिथे प्रेक्षकांना जाऊच दिलं नाही. इतर होलांवर माणसं घसरून पडत होती. रचलेल्या टेकड्या दिसायला देखण्या असतात, पण हजारो माणसांनी त्यांवर उभं राहायचं म्हटलं की हिशेब बदलतो.

अखेर काउंटीने हार मानली. 2018–19 च्या हिवाळ्यात ग्रीन्सवरचं जुनं गवत काढून गवताच्या तयार चटया अंथरल्या, आणि त्या होत्या पोआच्या. ज्याला इतकी वर्षं हाकलत होते, त्यालाच पैसे मोजून आणावं लागलं. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताच्या पट्ट्यांवर, फेस्क्यू राहिलं आहे. तिथे माळ्यांची झटापट अजून संपलेली नाही.