वळचणीचे ॲल्युमिनियमचे अस्तर

घराचे छप्पर भिंतीच्या माथ्यावर येऊन थांबत नाही. ते भिंतीबाहेर हात-दीड हात पुढे आलेले असते. या पुढे आलेल्या भागास आपण वळचण म्हणतो. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर पाडणे आणि उन्हाळ्यात भिंतीवर सावली धरणे, ही वळचणीची मुख्य कामे होत. कोकणातील किंवा केरळातील जुन्या कौलारू घराच्या वळचणीखाली उभे राहून वर पाहिले, तर वासे, रिपा व कौलांची पाठ उघडी दिसते. कॅनडातील किंवा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बहुतेक घरांत मात्र तसे दिसत नाही. तेथे वाशांची टोके एका उभ्या फळीने झाकलेली असतात. तिला फेशिया म्हणतात. या फळीपासून भिंतीपर्यंतची वळचणीची खालची बाजूही बंद केलेली असते. तिला सॉफिट असे नाव आहे. पूर्वी हे दोन्ही भाग लाकडाचे असत व त्यांस वरचेवर रंग द्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीत ॲल्युमिनियमचा वापर वाढला आणि वळचणीवरही या धातूचे अस्तर चढू लागले.

वळचण बंद करण्याचे पहिले कारण उघड आहे. पाखरे, खारी व गांधीलमाशा यांना आत घरटी करता येऊ नयेत, तसेच वाऱ्याबरोबर पाऊस व हिम आत जाऊ नये, यासाठी ती झाकावी लागते. परंतु ती सर्वस्वी बंद करून चालत नाही. थंड प्रदेशातील घर आतून तापविलेले असते. स्वयंपाक, स्नान व माणसांचे श्वसन यांमुळे घरातील हवेत बाष्प साठते आणि छताच्या फटींतून ते वर पोटमाळ्यात जाते. तेथील थंडगार लाकडाला स्पर्श होताच त्याचे पाणी होते. हे पाणी वाळले नाही, तर छपराच्या फळ्यांना बुरशी लागते आणि कालांतराने वासे कुजतात. यास्तव सॉफिटच्या पत्र्यास बारीक छिद्रे ठेवलेली असतात. बाहेरची थंड व कोरडी हवा या छिद्रांतून आत शिरते आणि आढ्याजवळ ठेवलेल्या झरोक्यांतून बाष्प घेऊन बाहेर पडते.

हवेच्या या वाहण्याचा आणखी एक उपयोग आहे. आढ्याचे पाणी शेवटी वळचणीलाच येते, असे आपण म्हणतो. बर्फाच्या प्रदेशात मात्र वळचणीचे पाणी उलट वर चढते. खोल्यांतील ऊब पोटमाळ्यात शिरली, तर छपराच्या वरच्या भागावरील हिम वितळते. ते पाणी उताराने खाली येते. पण वळचणीखाली ऊब नसल्यामुळे तेथे पोहोचताच पुन्हा गोठते. अशा रीतीने छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार होतो. त्यामागे तुंबलेले पाणी आच्छादनाच्या तक्त्यांखाली शिरते आणि घरात गळू लागते. पोटमाळा थंड राहिला, तर हा बांध सहसा पडत नाही. त्यासाठी छतावर उष्णतारोधक थर पुरेसा हवा, खालची ऊब वर नेणाऱ्या फटी बुजविलेल्या हव्यात आणि वळचणीतून हवा खेळती हवी. या तिन्ही गोष्टी एकमेकींस पूरक आहेत. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

हवेसाठी वाट किती ठेवावी, याचे एक प्रमाण रूढ आहे. अमेरिकेच्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने १९४२ मध्ये घातलेल्या नियमानुसार पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या ३०० व्या भागाइतकी मोकळी जागा हवेसाठी असावी लागे. पुढील नियमावल्यांत परिस्थितीनुसार १५० वा भाग किंवा ३०० वा भाग अशी दोन्ही प्रमाणे आढळतात. समजा, पोटमाळा ९० चौरस मीटरचा आहे. ३०० व्या भागाच्या हिशेबाने ३,००० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागेल. तिचा निम्मा भाग वळचणीत व निम्मा आढ्याजवळ ठेवल्यास हवेचा प्रवाह चांगला राहतो. येथे पत्र्याचे एकूण क्षेत्रफळ धरावयाचे नाही. छिद्रांची प्रत्यक्ष मोकळी जागा तेवढी धरावयाची.

आता ॲल्युमिनियमच का, ते पाहू. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी विजेच्या साहाय्याने हा धातू मिळविण्याची रीत एकमेकांच्या नकळत शोधून काढली, आणि तोवर महाग असलेला हा धातू स्वस्त होत गेला. तो वजनाला लोखंडाच्या सुमारे एकतृतीयांश आहे. हवेत त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर जमतो व तोच त्याचे रक्षण करतो; म्हणून तो लोखंडासारखा गंजत नाही. सॉफिटचा पत्रा साधारणतः अर्धा मिलिमीटर जाडीचा असून त्याला कारखान्यातच रंग भाजून दिलेला असतो.

प्रत्यक्ष कामास जुनी पन्हळ उतरवून आरंभ करतात. प्रथम उघडे पडलेले लाकूड टोचून पाहावे; जेथे ते मऊ लागेल तेथे नवे बसवावे. जुन्या लाकडी सॉफिटवरच पत्रा चढवावयाचा असेल, तर त्या लाकडात हवेसाठी मोठी भोके पाडावीत; नाहीतर पत्र्याची छिद्रे केवळ शोभेची ठरतात. पोटमाळ्यातील उष्णतारोधक थर वाशांमधील वाट बुजवीत नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर फेशियाच्या खालच्या कडेची उंची पाणसळीच्या साहाय्याने भिंतीवर आणून रेघ मारतात आणि त्या रेघेवर खाच असलेली पट्टी ठोकतात. सॉफिटच्या पत्र्याचे एक टोक या खाचेत सरकवितात व दुसरे टोक फेशियाच्या फळीच्या तळाशी खिळ्यांनी बसवितात. पुढचा पत्रा आधीच्या पत्र्याच्या कडेत अडकवीत जातात. दर दोन-तीन पत्र्यांनंतर ते काटकोनात आहेत की नाही, हे तपासावे. आरंभीची थोडी तिरपी चाल शेवटी कोपऱ्यात फार मोठी दिसते. अखेरीस इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा फेशियाचा पत्रा चढवितात. त्याची वरची कड छपराच्या कडेच्या पत्तीखाली सरकविलेली असते, आणि खालचा दुमड सॉफिटची खिळे मारलेली टोके झाकतो. वरून आलेले पाणी पत्र्याच्या बाहेरूनच उतरावे, हे या रचनेचे सूत्र होय.

या कामात नवख्याच्या हातून एक चूक हमखास होते: तो पत्रा घट्ट ठोकतो. ॲल्युमिनियम उष्णतेने बरेच प्रसरण पावते. ३.६ मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातील थंडी व उन्हाळ्यातील ऊन यांमधील ६० अंश सेल्सिअसच्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर लांब होतो. त्याला सरकण्यास जागा नसेल, तर तो फुगून वेडावाकडा होतो. म्हणून सॉफिटचे तुकडे मोजलेल्या अंतरापेक्षा सुमारे ६ मिलिमीटर आखूड कापतात, सांध्यांवर पत्रे एकमेकांवर चढते ठेवतात आणि खिळा पत्रा आवळील इतका आत मारीत नाहीत. खिळे ॲल्युमिनियमचे असावेत. तांब्याशी किंवा तांब्याची क्षारयुक्त द्रव्ये मुरविलेल्या लाकडाशी ओलाव्यात या धातूचा संपर्क आला, तर तो झिजतो. ओल्या चुन्या-सिमेंटचाही त्यावर दुष्परिणाम होतो.

वादळी प्रदेशात मजबुतीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २००४ मध्ये फ्लोरिडात चार्ली नावाच्या चक्रीवादळात अनेक घरांचे सॉफिट निखळले. छप्पर जागेवर असूनही वळचणीतून पाऊस पोटमाळ्यात शिरला आणि छते भिजली. म्हणून रुंद वळचणीत पत्र्याला केवळ दोन्ही टोकांचा आधार देऊन भागत नाही. मध्ये लाकडी पट्टी देऊन तेथेही खिळे मारावे लागतात.

काम शिडीवरचे असल्यामुळे सावधगिरी हवी. शिडीचा पाया उंचीच्या एकचतुर्थांश अंतरावर ठेवावा. ॲल्युमिनियमची शिडी किंवा लांब पत्रा विजेच्या तारांजवळ कदापि नेऊ नये. अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यास १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांचा रंग खरवडताना उडणारी धूळ विषारी असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

ॲल्युमिनियमला रंगाची फारशी गरज नाही आणि वाळवी ते खात नाही. म्हणून ते एकदा बसविले की काळजी संपली, असा समज होतो. पण धातू कुजत नसला, तरी त्यामागचे लाकूड कुजते. आणि पत्र्याने झाकल्यावर ते कुजणे दिसत नाही. लाकडावरील रंगाचे पोपडे घरमालकाला निदान इशारा तरी देत. चकचकीत पत्रा तो देत नाही. म्हणून नवे अस्तर चढविण्यापूर्वी ओल कोठून येते याचा शोध घेऊन ती बंद करावी, हवेची वाट मोकळी करावी, आणि मगच पत्रा हातात घ्यावा. त्यानंतरही वर्षातून एकदा पोटमाळ्यात दिवा घेऊन जावे आणि वाशांची टोके कोरडी आहेत की नाहीत, हे पाहावे.