लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलता येतं का?

● बहुतेक लॅपटॉपमध्ये नाही. ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. सुटं कार्ड नसतंच.

● अपवाद : काही जुन्या गेमिंग आणि वर्कस्टेशन लॅपटॉपमध्ये ‘एमएक्सएम’ कार्ड स्क्रू काढून बदलता येतं. मात्र बायोस, हीटसिंक आणि वीजपुरवठा जुळायला हवा.

● नवा प्रयोग : २०२३मध्ये जाहीर झालेल्या ‘फ्रेमवर्क लॅपटॉप १६’चं ग्राफिक्स मोड्यूल घरच्या घरी बदलता येतं.

● बाहेरून जोड : थंडरबोल्ट ३ किंवा ४ पोर्ट असेल, तर बहुतेकदा वेगळ्या बॉक्समध्ये डेस्कटॉपचं कार्ड बसवून जोडता येतं, मात्र वेग कमी मिळतो.

● लक्षात ठेवा : रॅम, एसएसडी अनेकदा नंतर वाढवता येतात. ग्राफिक्स कार्ड मात्र खरेदीच्या वेळीच पारखून घ्या.