डॉक्टर झाल्यानंतरची नोकरी

आमच्या शेजारच्या वहिनींनी परवा वाटेतच अडवलं. ‘‘भाई, चेडू डॉक्टर झाला मां? मगे आजून शिकता कित्याक?’’ मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आरोंद्यात सरकारी कागद वाचून सांगायचं काम माझ्याकडेच येतं. त्यांच्या मुलीने आणलेली जाहिरात चष्मा लावून वाचली.

पोस्ट-डॉक्टरल संशोधन म्हणजे शिक्षण नव्हे. त्याला परीक्षा नाही आणि पदवीही नाही. ती नोकरी आहे, पण मुदतीची. ट्रॉलरवर खलाशी हंगामापुरता ठरवतात, तसा हा संशोधक प्रकल्पापुरता. प्राध्यापकाला एखाद्या प्रकल्पासाठी अनुदान मिळतं आणि त्यातून ‘रिसर्च असोसिएट’ नेमला जातो. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२३ साली या पदाचं मानधन अनुभवाप्रमाणे दरमहा ५८, ६१ आणि ६७ हजार रुपये ठरवलं, घरभाडं वेगळं. आकडा ऐकून वहिनींचा चेहरा खुलला. पण प्रकल्प संपला की पगारही संपतो, हे मला सांगावंच लागलं.

दुसरी वाट स्वतःच्या नावावर फेलोशिप मिळवण्याची. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयाची अट ३५, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. अर्जाआधी मार्गदर्शक आणि संस्था आपणच शोधायची, त्यांची संमती घ्यायची. पूर्वी ती ‘सर्ब’ देत असे. आता ते मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झालं आहे.

आमच्या भागाला गोवा जवळचा. आरोंदा-किरणपाणी पूल ओलांडला की पेडणे तालुका. १९८५ साली सुरू झालेलं गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. तिथून जवळच, दोनापावलाला, १९६६ सालची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. मुलीचा विषय कांदळवनाच्या चिखलातले सूक्ष्मजीव. आम्ही ज्या चिखलात खेकडे शोधले, त्यावर प्रबंध होतो याचं मला अजून नवल वाटतं! अशा पदांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळावर येतात, बरेचदा थेट मुलाखतीच्या. त्या नेमाने बघाव्या लागतात.

याचा पुढे उपयोग काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी अशा अनुभवाला वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा गुण ठेवले. गुण मिळतात, जागा मिळेलच असं नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा एका संस्थेत अनुदानाचा हप्ता लांबल्याने पाच महिने बिनपगारी राबला. म्हणून मुलाखतीला जाणाऱ्याने आपणही विचारावं : प्रकल्पाची किती वर्षं उरली? पैसे मंजूर आहेत की जमा झालेत? शोधनिबंधावर माझं नाव कुठे येईल? असं विचारणं उद्धटपणाचं मानतात, पण मला ते मान्य नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे दोन वर्सांनी परत तुमच्याकडेच कागद घेवन येवचा?’’

मुलगी गुरुवारी मुलाखतीला जाते आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)