होडीचे इंजिन मुके झाले तर...

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दाभोळच्या खाडीत एका स्नेह्यांच्या होडीतून आम्ही चाललो होतो. ओहोटी लागली होती. वाटेत जाळे पाहण्यासाठी त्यांनी इंजिन बंद केले, ते पुन्हा सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसते 'टक्' वाजे. होडी हळूहळू समुद्राच्या तोंडाकडे सरकू लागली. स्नेह्यांनी आधी नांगर टाकला आणि मगच इंजिनाचे झाकण उघडले. तेच बरोबर होते. आधी माणसे सांभाळायची, मग यंत्र.

दुसऱ्या होडीने आम्हांला ओढून काठावर आणले. तिथे एकाने न तपासताच सांगितले, "बॅटरी गेली, नवी घ्या." मासे विकून रोजचे पोट भरणाऱ्या घरात नवी बॅटरी म्हणजे महिन्याचा किराणा! प्रत्यक्षात दोष निघाला बॅटरीच्या ऋण टोकावर साचलेल्या हिरवट क्षारात. पॉलिश पेपरने घासून नट आवळला आणि इंजिन सुरू झाले.

आम्ही पेशाने कारकून. ताळेबंद जुळला नाही तर कोणी वही फेकून देत नाही. एकेक नोंद तपासतो. होडीच्या पिछाडीला लावलेल्या या आउटबोर्ड इंजिनाचेही तसेच आहे. खाऱ्या हवेत बिघाड बहुधा महागड्या भागात नसतो, तारांच्या सांध्यांत असतो.

प्रथम दोन साध्या गोष्टी पाहाव्यात. चालकाच्या अंगाला बांधायच्या दोरीची क्लिप स्विचवर बसली आहे ना? ती निघालेली असेल तर इंजिन सुरू होत नाही. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना? बटण स्टार्टच्या बहुतेक इंजिनांत गिअर पडलेला असला तर स्टार्टर फिरतच नाही.

स्टार्टर फिरत नसेल तर बॅटरी, तिची दोन्ही टोके, फ्यूज आणि इंजिनाला जोडलेली अर्थिंगची तार, या क्रमाने जावे. मीटरवर भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास असेल तर ती बरीच उतरली आहे असे समजावे. इंजिन चालू असताना आकडा साडेतेरा ते साडेचौदापर्यंत चढला नाही, तर बॅटरी चार्ज होत नाही. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तारेचा तुकडा जोडून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा पेट्रोल आहे का ते पाहून मग ठिणगीकडे वळावे. प्लग ओला वा काळा असेल तर पुसावा किंवा बदलावा. इंजिन बंद करणाऱ्या स्विचच्या तारेचे आवरण झिजून ती लोखंडाला टेकली, तरीही पुष्कळ इंजिनांत ठिणगी मरते. ठिणगीची परीक्षा काठावर, मोकळ्या हवेत, पेट्रोलपासून दूर, जाणत्या माणसासमोर करावी. प्लग हातात धरू नये. त्या तारेत हजारो व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार कधीही काढू नये. चार्जिंगचा भाग जळतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात इंजिनाच्या होड्यांनीच कितीतरी कुटुंबांना बाहेर काढले. तेव्हा ही माहिती केवळ कोळीवाड्यापुरती नाही.

आमची विनंती एवढीच. होडीत वल्हे, नांगर आणि एक डबा असू द्या. डब्यात फ्यूज, प्लग, पाना, पॉलिश पेपर ठेवा. महिन्यातून एकदा सांधे साफ करून त्यांवर ग्रीस लावा. त्या वेळी घरातल्या मुलामुलींना जवळ बसवा. आमच्या स्नेह्यांची बारावीतली लेक आता मीटर लावून बॅटरी तपासते आणि आकडा वहीत लिहून ठेवते. त्या दिवसापासून त्यांची होडी ओढून आणावी लागलेली नाही.