शिंगराच्या नाकातून दूध येते तेव्हा

घोडी व्यायली, शिंगरू उभे राहिले आणि आचळाला लागले की आपली काळजी मिटली, असे बहुतेक घोडीवाले समजतात. परंतु शिंगराने सड तोंडात धरला म्हणजे दूध पोटातच गेले, असे नाही. ते कुठे जाते हे पाहण्याची सवय प्रत्येक पशुपालकाने लावून घ्यावी, म्हणून आजचा हा विषय.

काही वर्षांपूर्वी सारंगखेड्याच्या यात्रेतून गाभण घोडी आणलेल्या एका गृहस्थांनी मला घाईने बोलावले. शिंगरू तीन दिवसांचे होते. दुसऱ्या दिवसापासून पिऊन झाले की दोन्ही नाकपुड्यांतून दूध ठिबकत होते. घरच्यांना वाटले, सर्दी असेल. शिंगरू मलूल झाले तेव्हा कोणाच्या तरी सल्ल्याने त्याची मान वर धरून बाटलीने दूध घशात ओतले. मी पोहोचलो तेव्हा ताप १०४ अंश होता आणि शिंगरू धापा टाकत होते. दूध फुप्फुसात उतरले होते.

असे का होते?

घोड्याचा मऊ टाळू लांब असतो आणि घोडा नाकानेच श्वास घेतो. गिळताना टाळू वर उचलला जाऊन नाकाचा मार्ग बंद होतो व श्वासनलिकेवर झाकण येते. हा मेळ बिघडला की दूध नाकात चढते, नाहीतर श्वासनलिकेत उतरते. नाकातले दूध आपल्याला दिसते, फुप्फुसात गेलेले दिसत नाही. खरा धोका त्या न दिसणाऱ्या दुधाचा आहे, कारण त्यातून न्यूमोनिया होतो.

कारणे अनेक आहेत. काही शिंगरांचा टाळू जन्मतःच फाटलेला असतो. काहींच्या घशात पाण्याची गाठ असते किंवा अन्ननलिकेत दोष असतो. काही वेळा घशाचे स्नायूच दुबळे असतात. दिवस भरण्याआधी झालेला जन्म, विताना प्राणवायू कमी पडणे, तसेच सेलेनियम व ई जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे असा दुबळेपणा येऊ शकतो.

घरी काय पाहावे?

निरोगी शिंगरू साधारण एका तासात उभे राहते व दोन तासांत पिऊ लागते. त्यानंतर ते तासातून अनेकदा थोडे थोडे पिते. पुढील खुणा दिसल्यास सावध व्हावे:

१) पिऊन झाल्यावर नाकातून दूध येणे.
२) पिताना किंवा नंतर खोकला, घशात घरघर.
३) घोडीची कास तट्ट भरलेली आणि शिंगराच्या कपाळावर, तोंडावर दूध सांडलेले. याचा अर्थ शिंगरू आचळाशी जाते, पण पीत नाही.
४) ताप १०२ अंशांच्या वर जाणे, किंवा शांत पडलेले असतानाही श्वास मिनिटाला ४० पेक्षा जास्त असणे.

डॉक्टर शिंगराला आधी पिताना पाहतात, बोट चोखायला देऊन चोखण्याचा जोर अजमावतात व गळ्यावर नळी लावून घरघर ऐकतात. बॅटरीच्या उजेडात टाळूही तपासतात. मात्र टाळूची मागची फट तोंडातून दिसत नाही. त्यासाठी नाकातून दुर्बीण घालून तपासावे लागते. ही सोय कुठे आहे, हे आपल्या डॉक्टरांकडून किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून समजून घ्यावे.

उपचार

पहिली गोष्ट म्हणजे आचळाचे पिणे थांबवणे. शिंगराला मुसके बांधावे, पण घोडीजवळच ठेवावे. दर दोन तासांनी घोडीचे दूध काढावे, म्हणजे ते आटत नाही. तेच दूध नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीने द्यावे. नळी पशुवैद्यकानेच घालावी. ती चुकून श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. ४० किलोच्या शिंगराला पहिल्या दिवशी साधारण ४ लिटर, म्हणजे दर दोन तासांनी ३०० ते ३५० मिली दूध लागते. पुढे काही दिवसांत ते हळूहळू दुप्पट करावे लागते. न्यूमोनियासाठी प्रतिजैविके द्यावी लागतात. सेलेनियमचे इंजेक्शन वजन पाहूनच द्यावे, कारण जास्त मात्रा विषारी ठरते.

चिकाकडे विशेष लक्ष द्यावे. शिंगराला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. पहिल्या सहा-आठ तासांत ती उत्तम शोषली जातात, २४ तासांनंतर जवळजवळ नाहीच. वेळ टळली तर निरोगी घोड्याच्या रक्तातला प्लाझ्मा शिरेतून द्यावा लागतो.

स्नायूंच्या दुबळेपणामुळे आजारी झालेली बरीच शिंगरे काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. टाळू मोठा फाटलेला असेल तर मात्र शस्त्रक्रिया अवघड असते व यशाची खात्री नसते. हे मालकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे.

त्या दिवशी ते गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मग काय उपाशी मरू द्यायचं होतं का?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "नाही. पण घशात ओतायचं नव्हतं. नाकातून दूध दिसलं त्याच दिवशी बोलवायचं होतं." त्या शिंगराचा टाळू सुदैवाने शाबूत होता. नळीने दूध व औषधे चालू ठेवली. नवव्या दिवशी छातीच्या खाली ठेवलेल्या उथळ पातेल्यातून ते मान खाली घालून प्याले, नाक कोरडे राहिले. आणखी चार दिवसांनी त्याला आईकडे सोडले.

मान खाली असताना प्यालेले दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती कमी असते. मान वर धरून ओतलेले दूध मात्र जीव घेऊ शकते. एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ शिंगरे वाचतील.