नवा टीव्ही घेताना : खोक्यावरचे आकडे आणि बैठकीची खोली

टीव्हीचा आकार इंचांत सांगतात तो पडद्याच्या कर्णाचा, म्हणजे एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच असतो, तर ५५ इंची १२२ बाय ६८. आकड्यात फरक बाराचाच, पण पडद्याचे क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढते. विदर्भातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी बैठकीची खोली बहुधा दहा बाय बाराची असते आणि खरेदी गावातल्या दुकानातून किंवा यवतमाळ-नागपूरच्या शोरूममधून होते. तिथे मिळणाऱ्या सल्ल्यात काही जुने समज असतात, काही खोक्यावरच्या जाहिरातीतून आलेले. दोन्ही एकदा नीट तपासून घ्यावेत असे आहेत.

‘छोट्या खोलीला ३२ इंची पुरे, मोठ्या टीव्हीने डोळे जातात’ हा त्यांतला सर्वांत जुना समज. तो आला काचेच्या नळीच्या काळातून. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या काही रंगीत संचांतून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्गावर नियंत्रण आणणारा कायदा झाला. मुलांना टीव्हीपासून लांब बसवण्याच्या सल्ल्याला तेव्हापासून बळ मिळाले. आजच्या सपाट संचांत ती नळीच नाही, त्यामुळे क्ष-किरणांचा प्रश्नही उरलेला नाही. जवळून पाहिल्याने डोळे थकतात आणि पापण्या कमी मिटल्याने कोरडे पडतात, पण कायमची इजा होत नाही. उलट एखादे मूल सारखे टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसत असेल, तर त्याला दूरचे कमी दिसत असण्याची शक्यता असते. त्याला मागे ओढण्यापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवणे जास्त महत्त्वाचे.

आकार ठरवावा तो बसण्याच्या अंतरावरून. पडद्याने नजरेचा सुमारे ३० अंशांचा कोन व्यापावा, असा चित्रक्षेत्रातला जुना संकेत आहे. हिशेब सोपा आहे : कर्णाच्या १.६ पट अंतर. ३२ इंचीसाठी ते सव्वाचार फूट भरते, ४३ इंचीसाठी पावणेसहा, ५५ इंचीसाठी सव्वासात आणि ६५ इंचीसाठी साडेआठ फुटांच्या वर. खोली दहा फूट खोल असेल आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला असेल, तर डोळे आणि पडदा यांत आठेक फूट अंतर उरते. अशा खोलीत ५५ इंची मुळीच अवाढव्य ठरत नाही आणि ४३ इंची निवांत पाहता येतो. ३२ इंचीवर मात्र क्रिकेटचा धावफलक वाचायला वयस्कर माणसांना पुढे वाकावे लागते. खरेदीला निघण्यापूर्वी घरात टेप धरून मोजलेले हे एक अंतर दुकानातल्या अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा अधिक उपयोगी पडते.

‘फोर-के घेतला की सगळेच फोर-के दिसते’ हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० असे सुमारे ८३ लाख ठिपके असतात, फुल एचडीवर सुमारे २१ लाख. पण पडदा चित्र दाखवतो, निर्माण करत नाही. डीडी फ्री डिशच्या छत्रीवर किंवा साध्या केबलवर येणाऱ्या बहुतेक वाहिन्या एसडी दर्जाच्या असतात. त्यांच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. ८३ लाखांचा पडदा भरताना दर वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती संचाला मिळते. उरलेले एकोणीस तो अंदाजाने रंगवतो. म्हणून जुन्या २१ इंचीवर स्वच्छ दिसणारी तीच सह्याद्री वाहिनी नव्या ५५ इंचीवर धुरकट वाटते. संच खराब निघाला, अशी तक्रार घेऊन लोक दुकानात जातात. दोष येणाऱ्या चित्राचा असतो. घरात फक्त फ्री डिश असेल आणि ती तशीच राहणार असेल, तर आकार एक पायरी कमी ठेवणे शहाणपणाचे. डीटीएचवर एचडी वाहिन्या घेतल्या तर फरक लगेच जाणवतो.

डोळ्यांनाही मर्यादा आहे. चष्म्याशिवाय किंवा चष्म्यासह नजर चोख असेल, तर ४३ इंची फुल एचडी पडद्याचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसेनासे होतात. आठ फुटांवरून त्याच आकाराचा फोर-के आणि फुल एचडी यांत ठिपक्यांपुरता फरक ओळखणे जवळपास अशक्य. ५५ इंचीला ही सीमा सात फुटांच्या आसपास येते. याचा अर्थ फोर-के घेऊ नये असा नाही. ४३ इंचांपासून पुढे चांगले पॅनेल बहुधा फोर-के संचांतच मिळतात. केवळ त्या शब्दासाठी रंग आणि उजेडाची तडजोड करू नये, एवढेच.

नावांचा गोंधळ वेगळाच. ‘एलईडी’ आणि ‘क्यूएलईडी’ हे दोन्ही मुळात एलसीडी संच आहेत. पडदा स्वतः उजेड देत नाही; मागे एलईडी दिव्यांचा प्रकाश असतो. क्यूएलईडीत त्या प्रकाशाच्या वाटेत अतिसूक्ष्म स्फटिककणांचा, क्वांटम डॉट्सचा थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध उमटतात. या कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळाले, तेव्हा यामागचे विज्ञान खरे आहे. ‘ओएलईडी’ मात्र एका अक्षराच्या फरकाने पूर्ण निराळा : त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. ज्या घरात दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी लागलेली असते, तिथे तिचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहून ओएलईडीवर कायमचा डाग पाडू शकते. अशा घराला एलसीडी प्रकारच बरा.

‘एचडीआर’, म्हणजे गडद आणि उजळ भागांतला मोठा फरक दाखवणारे चित्र, हा शब्द आता स्वस्त संचांवरही छापलेला असतो. तसा सिग्नल ओळखता येणे वेगळे आणि तेवढा उजेड पाडता येणे वेगळे. एचडीआर चित्रे बरेचदा १,००० निट्स उजेड गृहीत धरून तयार होतात. स्वस्त पॅनेल २५०-३०० निट्सवर थांबते. पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो ते सांगणाऱ्या हर्ट्झच्या आकड्याचेही तसेच. भारतातले प्रक्षेपण सेकंदाला ५० च्या लयीत चालते आणि चित्रपट २४ चौकटींत, त्यामुळे १२० हर्ट्झचा खरा लाभ गेम खेळणाऱ्यांना होतो.

शोरूममध्ये सगळ्यांत भडक दिसणारा संच सर्वांत चांगला, हे मानणे चुकीचे आहे. तिथे संच ‘व्हिव्हिड’ किंवा दुकानासाठीच्या खास मोडवर ठेवतात आणि त्यावर मुद्दाम निवडलेली फोर-के चित्रफीत फिरत असते. घरी हाच मोड राहिला तर चेहरे तांबूस-निळसर दिसतात आणि वीजही जास्त जाते. दुकानदाराला चित्रफीत बंद करून रोजची एखादी मराठी वाहिनी लावायला सांगावे, मोड ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ करावा, आणि मग एका बाजूला सरकून पाहावे. लग्नकार्याच्या दिवसांत किंवा सामन्याच्या रात्री अर्धी मंडळी कडेला चटईवर बसतात. कडेने रंग उडाले, तर पॅनेल बहुधा ‘व्हीए’ प्रकारचे असते. ‘आयपीएस’ कडेने चांगले दिसते, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. पाहणारे कुठे बसतात, यावर निवड ठरावी.

विजेबाबत दोन उलट समज शेजारी नांदतात : ‘स्टॅबिलायझर हवाच’ आणि ‘नव्या टीव्हीला काहीच लागत नाही’. बहुतेक नव्या संचांच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो. त्यामुळे लाइन डिम आली तरी संच चालतो, आणि केवळ कमी दाबासाठी स्टॅबिलायझर लागत नाही. धोका वरच्या बाजूला आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला, की घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. एका गल्लीतले टीव्ही, पंखे आणि चार्जर एकाच वेळी जळतात ते यामुळे. साधा स्पाइक गार्ड क्षणिक झटका अडवतो. असा टिकून राहणारा जादा दाब त्याच्याने थांबत नाही. त्यासाठी जादा दाबाला पुरवठा तोडणारे साधन, म्हणजे हाय कट असलेला स्टॅबिलायझर किंवा मीटरजवळचे ओव्हर व्होल्टेज रिले लागते. आणि तीन पिनांच्या सॉकेटची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचलेली असावी.

विजांच्या कडकडाटात मात्र कोणतेच साधन पुरेसे नाही. मृगाच्या आधीच्या वादळांत प्लग काढला तरी टीव्ही जळाल्याचे ऐकू येते, कारण छत्रीची वायर तशीच राहिलेली असते. झटका छतावरच्या डिशमधून सेट टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआय वायरने टीव्हीच्या बोर्डात शिरतो. ढग गडगडायच्या आधीच प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत. गडगडाट सुरू झाल्यावर वायरींना हात लावू नये.

बिलाची भीती बहुतांशी अनाठायी आहे. १०० वॉटचा संच रोज पाच तास चालला, तर महिन्याला १५ युनिट होतात. उन्हाळ्यातला कूलर याहून कितीतरी जास्त घेतो. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, तुलना त्यावरून करावी.

विदर्भातल्या उन्हाचा विचार बाहेरगावचे सल्ले करत नाहीत. बहुतेक संचांच्या पुस्तिकेत वापरासाठी ४० अंशांपर्यंतचे तापमान दिलेले असते, आणि मे महिन्यात पारा ४५ कडे जातो. टिनाच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर संच टांगू नये, आणि मागे चार बोटे तरी हवा खेळती ठेवावी. कूलरचा झोत हा दुसरा शत्रू : ओलसर वारा आणि त्यासोबतची क्षारयुक्त धूळ मागच्या जाळीतून आत जाऊन बोर्डावर बसते. कूलर खिडकीत असेल, तर टीव्ही त्याच्या समोरच्या भिंतीवर येणार नाही असे पाहावे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत खिळे पकड धरत नाहीत. तिथे भक्कम टेबल हेच सुरक्षित. टांगायचाच तर पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला यावा. देवघराच्या फोटोइतका उंच लावलेला टीव्ही मान दुखवतो.

‘स्मार्ट म्हणजे सगळे ॲप चालतात’ हेही तपासून घ्यावे. काही स्वस्त संचांवर अँड्रॉइड असते, पण गूगलचे प्रमाणपत्र नसते, आणि त्यांवर नेटफ्लिक्ससारखी ॲप नीट चालत नाहीत. टीव्हीचे सॉफ्टवेअर पडद्याच्या आधी म्हातारे होते. तेव्हा नवा संच घेण्याऐवजी एचडीएमआयला लागणारी छोटी स्टिक पुरते. इंटरनेटचा हिशेबही आधी करावा. नेटफ्लिक्सच्या माहितीनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा २ जीबीचा पॅक चित्रपटाच्या मध्यंतरापर्यंतही पोहोचत नाही.

ओळखीचे नाव म्हणजे ओळखीची कंपनी, असेही आता राहिलेले नाही. कोडॅक आणि थॉमसन ही नावे भारतात परवान्यावर सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही कंपनी वापरते. त्यात गैर काही नाही, पण सेवा कोण देणार आणि कुठून, हे विचारले पाहिजे : तंत्रज्ञ यवतमाळहून येतो की संच नागपूरला न्यावा लागतो? नाव नसलेल्या जुळवलेल्या संचावर बीआयएसचे चिन्ह आणि ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल, तर तो स्वस्तातही घेऊ नये. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे लहान संचाला असलेला कराचा फायदा संपला. पक्के बिल घ्यावेच. वॉरंटी आणि ग्राहक आयोग दोन्हींचा आधार तेच असते. फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही, म्हणून खोका गाडीत उभाच ठेवून आणावा आणि आणणाऱ्यांच्या समोर उघडून पडदा लावून पाहावा. जुना नळीचा संच भंगारात फोडायला देऊ नये, कारण त्याच्या काचेत शिसे असते. तो बदलीत दुकानाला किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्यावा.